चपलांच्या स्टँडवरचा अर्ज

भाऊ विसरतात, हे इमारतीतल्या चोवीस बिऱ्हाडांना तोंडपाठ होतं. छत्री विसरत, चष्मा विसरत, दूध गॅसवर ठेवून वर्तमानपत्र उघडत आणि करपल्याचा वास आला की शेजाऱ्यांच्या निष्काळजीपणाबद्दल दोन शब्द बोलून घेत. एवढं सगळं खपून जात होतं. सत्तावीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात काढलेल्या माणसाला थोडीफार गळती मंजूर असावी, असं भाऊंचं म्हणणं. पण गेल्या वर्षी ते जे विसरले, ते खपण्यासारखं नव्हतं.

भाऊंच्या लेकीला नकाशे काढायला शिकायचं होतं. टेकड्या, नाले, जमिनीचे चढउतार मोजून कागदावर आणायचे, हे तिचं लहानपणापासूनचं वेड. त्या शिक्षणाची संस्था एकच आणि जागा तीस. पोरीनं परीक्षा दिली, यादीत सतरावी आली आणि अर्ज नेऊन द्यायचं काम भाऊंकडे आलं, कारण संस्था त्यांच्या कार्यालयाच्या वाटेवरच. 'जाता जाता देतो,' म्हणून भाऊंनी पाकीट पिशवीत टाकलं. महिन्याभरानं बायकोनं ती पिशवी धुवायला काढली. तिच्यातून वरच्या मास्तरांचं विजेचं बिल निघालं, कुणाच्या तरी चष्म्याची काच निघाली, कार्यालयातल्या तिघांचे रजेचे अर्ज निघाले आणि तळाशी, अगदी जसंच्या तसं, लेकीचं पाकीट निघालं.

लेक रडली नाही, भांडली नाही. 'असू दे, बाबा,' एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायला लागली. भाऊंच्या जिवाला ते 'असू दे' फार लागलं. तिनं चार भांडी आपटली असती, बापाला चार शब्द सुनावले असते, तर भाऊंनीही आवाज चढवून प्रकरण बरोबरीत सोडवलं असतं. 'असू दे' पुढं काय बोलणार, कपाळ!

यंदा पोरीनं पुन्हा परीक्षा दिली आणि अकरावी आली. यंदा नियमही नवा होता. पालकानं मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहून अधिकाऱ्यासमोर सही करायची. शेवटची तारीख पंधरा, वेळ पाचपर्यंत. म्हणजे भाऊंना वगळून काम उरकायची सोयच संस्थेनं ठेवली नव्हती. पत्र आलं त्या दिवशी वीस तारीख होती. भाऊंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बायको-लेकीसमोर उभं राहून जाहीर केलं, "येत्या पंधरा तारखेच्या आत माझा विसराळूपणा मी मुळापासून उपटून टाकणार आहे."

"लिहून ठेवा कुठंतरी," बायको म्हणाली. "नाहीतर विसराल."

आता इथं भाऊंचा एक शब्द सांगायला हवा, कारण पुढचं सगळं महाभारत त्या शब्दावर उभं आहे. तो शब्द म्हणजे 'बघतो'. जगात कुणीही 'बघतो' म्हणालं की समोरच्यानं ओळखावं, हे काम काही होत नाही. भाऊंचं तसं नव्हतं. भाऊ 'बघतो' म्हणत आणि खरोखर बघत. जिन्यात, रस्त्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही कुणी म्हणालं, 'भाऊ, तुम्ही त्या बाजूला जाताच आहात, तर एवढं...' की वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊ म्हणायचे, 'बघतो की!' आणि कागद पिशवीत. त्या बाजूला भाऊ जातच नसले तरी जायचे.

तर उपचार सुरू झाले. पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा. खरं तर तो कुणी मागितलेला नव्हता, पण भिंती पातळ असल्या की सल्ले मागावे लागत नाहीत.

"रुमालाला गाठ मारा," मास्तर म्हणाले. "एक काम, एक गाठ. नाक पुसायला रुमाल काढला की गाठ बोटाला लागते, बोट डोक्याला कळवतं. चाळीस वर्षांत मी एक तास चुकवला नाही."

"वा! इतकं सोपं?"

"इतकं सोपं. आणि पहिली गाठ माझ्याच कामाची मारा. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला हवाय. मी जिवंत आहे, एवढंच तिथं सांगायचं. तुमच्या ओळखी आहेत."

"बघतो की," भाऊ म्हणाले आणि गाठ मारली.

चार दिवसांत रुमालाला नऊ गाठी झाल्या. तो रुमाल आल्याच्या गड्ड्यासारखा दिसायला लागला. नाक पुसायला गेलं की नाक सोलून निघे. बोट डोक्याला कळवत होतं हे खरं, पण 'गाठ आहे' एवढंच कळवत होतं; कुणाची गाठ, हे बोटालाही ठाऊक नव्हतं. भाऊ बसथांब्यावर उभे राहून एकेक गाठ चाचपत पुटपुटत, 'ही मास्तरांची... ही गॅसवाल्याची... ही कुणाची बरं?' आणि आसपासची माणसं हळूच दोन पावलं लांब सरकत. पाचव्या दिवशी बायकोनं तो रुमाल धुतला, सगळ्या गाठी सोडवल्या आणि कडक इस्त्री करून भाऊंच्या हातात ठेवला.

"अगं, ह्यात नऊ माणसांची कामं होती!"

"असतील. पण गाठींसकट इस्त्री कशी करायची, ते त्या नऊ माणसांना विचारून या."

मग डॉक्टर. डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, काल दुपारी काय जेवलात ते विचारलं. भाऊंनी सांगितलं. ते बरोबर की चूक हे डॉक्टरांना कसं कळणार, हा प्रश्न भाऊंना बाहेर आल्यावर सुचला. डॉक्टरांनी रोज सात बदाम, पुरेशी झोप आणि दिवसातून तीनदा एक लाल गोळी, असं लिहून दिलं आणि चिठ्ठी देता देता म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाणीपुरवठ्याला ना? दवाखान्याचं मीटर वेड्यासारखं पळतंय हो. नंबर मागं लिहिलाय, जरा..."

"बघतो की!"

औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट करून वाचली. "पुढचं औषध आहे माझ्याकडे," तो गंभीरपणे म्हणाला. "मागचं मात्र मागवावं लागेल. दोन दिवसांनी या." भाऊंनी तेही ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी खरोखर गेले.

गोळ्यांचा गुण येईना. म्हणजे आला असता, पण सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी आठवेना आणि न घेतलेली बरी की दोनदा घेतलेली बरी, यावर कार्यालयात दोन तट पडले. बदाम मात्र भाऊ न चुकता खात. त्यांना एरवीही आवडत.

तोवर नवा महिना लागला होता. कार्यालयातल्या साहेबांनीच स्मरणशक्तीच्या वर्गाचा पत्ता दिला. पत्ता देताना आपल्या सासूबाईंचा जन्मदाखला काढून आणायचं कामही दिलं, हे आता निराळं सांगायला नको. वर्ग टायपिंगच्या क्लासवरच्या खोलीत भरे. शिकवणारे सर ताठ, टापटीप, खिशाला तीन पेनं. पहिल्याच तासाला त्यांनी हजर असलेल्या एकोणीस जणांची नावं एकदा ऐकून उलट्या क्रमानं म्हणून दाखवली. भाऊंच्या अंगावर काटा आला.

"आपलं घर डोळ्यांसमोर आणा," सर म्हणाले. "प्रत्येक काम घरातल्या एकेका वस्तूवर नेऊन ठेवा, मनातल्या मनात. जितकं चमत्कारिक चित्र, तितकी पक्की आठवण. मग मनातल्या मनात घरभर एक चक्कर मारा. सगळी कामं जागच्या जागी सापडतील. माणूस काही म्हणजे काही विसरत नाही!"

आणि गंमत म्हणजे, जमलं! भाऊंना हा प्रकार झकास जमला. मास्तरांना त्यांनी कपडे धुवायच्या मशीनमध्ये बसवलं. मास्तर त्यात गरगर फिरताहेत आणि झाकणातून ओरडताहेत, 'मी जिवंत आहे!' डॉक्टरांचं मीटर फ्रिजमध्ये अंड्यांच्या जागी. साहेबांच्या सासूबाई कपाटात, कोटाच्या शेजारी हँगरला. खुद्द सरांनी सांगितलेलं काम (सरांच्या इमारतीचा नळजोड दोन वर्षं अडकला होता) दिवाणावर लोळत पडलेलं. भाऊ सकाळी डोळे मिटून चक्कर मारत आणि धडाधड सगळी कामं आठवत. बसथांब्यावरची माणसंही आता लांब सरकेनाशी झाली. बातमी पसरली की भाऊ सुधारले. मग काय विचारता! कालपर्यंत 'भाऊंना सांगितलं तर विसरतील' म्हणून मागं राहिलेले लोकही कामं घेऊन आले. पिशवीची शिवण उसवली, तेव्हा भाऊंनी दुसरी, मोठी पिशवी घेतली.

पंधरा तारखेच्या आधीच्या रविवारी भाऊ बाजारातून घरी आले आणि दारातच थबकले.

"इथलं कपाट कुठं गेलं?"

"खिडकीपाशी सरकवलं," बायको पदर खोचून झाडत होती. "भिंतीला ओल धरत होती."

"अगं, काय केलंस हे! त्यात साहेबांची सासू होती!"

बायकोच्या हातातला झाडू थांबला. "कुणाची?"

"साहेबांची सासू. मी कोटाशेजारी टांगून ठेवली होती."

बायकोनं झाडू भिंतीला टेकवला, हात धुतला आणि आधी भाऊंच्या कपाळाला लावून बघितला. ताप नव्हता. मग भाऊंनी तिला खाली बसवून सगळी पद्धत समजावून सांगितली. मशीनमधले मास्तर सांगितले, फ्रिजमधलं मीटर सांगितलं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसू आवरेना आणि बऱ्याच दिवसांनी पोरगी हसतेय म्हणून भाऊंना आणखी चेव चढला. दिवाण, टेबल, आरसा, गॅसची शेगडी, पंख्याची तीन पाती, माठ, गादीखालचा कोपरा, कुठं कोण बसलंय ते ते हातवारे करून दाखवू लागले. एकेचाळीस कामं, एकेचाळीस जागा. एक चूक नाही.

"आणि माझा अर्ज कुठं ठेवलाय, बाबा?" लेकीनं हसत हसतच विचारलं.

भाऊंनी डोळे मिटले. मनातल्या मनात घरभर फिरले. दिवाणावर सरांचा नळजोड होता. टेबलावर गॅसवाला होता. खिडकीत दूधवाल्याच्या मेहुण्याची बदली होती. सगळं घर लोकांनी भरलं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. फिरत फिरत ते दारापर्यंत आले, दाराबाहेर आले, तेव्हा सापडला.

"चपलांच्या स्टँडवर," भाऊ म्हणाले. "घरात... घरात जागा उरली नव्हती गं."

लेकीचं हसू विझलं. "मागच्या वर्षी निदान पिशवीत तरी होता," ती म्हणाली आणि आत गेली. बायकोनं पुन्हा झाडू उचलला.

भाऊंचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. आपण काहीच विसरलो नाही, एकेचाळीस कामं घडाघडा म्हणून दाखवली, तरी आपण जिंकलो नाही, उलट तोंडावर आपटलो, याचा त्यांना उलगडा होईना.

उलगडा केला तो कार्यालयातल्या फिटरनं. सोमवारी हा बुवा पान्हा खांद्यावर टाकून भाऊंच्या टेबलाशी आला. शाळेसमोरचा रस्ता पुन्हा ओला झाल्याची तक्रार होती. त्या रस्त्यावर वर्षभरात अकरा वेळा खडी टाकली होती आणि अकरा वेळा ती वाहून गेली होती. भाऊंनी तक्रार नोंदवली आणि मन मोकळं करायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून आपली कहाणी त्याला सांगितली. फिटरनं सगळी ऐकली. रुमालापाशी हसला, मीटरपाशी हसला, सासूबाईंपाशी तर खुर्ची धरून हसला. चपलांच्या स्टँडपाशी मात्र हसला नाही.

"भाऊ, आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुमचं," तो म्हणाला. "तुमचं डोकं चांगलंय की! एकेचाळीस कामं माझ्या बापाला आठवली नसती. टाकी भरून वाहतेय, तर तुम्ही कधी फरशी पुसताय, कधी मोठी टाकी आणताय. वरचा कॉक बंद करा ना."

"कुठला कॉक?"

"तो तुमचा 'बघतो'."

भाऊंना राग आला. माणसानं माणसाच्या उपयोगी पडू नये काय? सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणाला विन्मुख पाठवलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. ते काहीतरी जळजळीत बोलणार होते, पण बोलताना त्यांची नजर समोरच्या ढिगाकडे गेली. हा ढीग नोकरी आणि उत्पन्नाच्या दाखल्यांच्या अर्जांचा. कार्यालयातल्या सगळ्यांचे असे दाखले भाऊंच्याच टेबलावरून निघत. लेकीच्या प्रवेशासाठी भाऊंनाही एक हवा होता आणि त्यांनी दोन तारखेलाच रीतसर अर्ज करून तो स्वतःच्याच टेबलावर दाखल केला होता. तेव्हापासून रोज कुणीतरी येऊन म्हणे, 'भाऊ, माझं आधी काढा ना,' आणि भाऊ आधी काढत. त्यांचा स्वतःचा अर्ज अकरा दिवस ढिगाच्या तळाशी होता. तेवढ्यात साहेब आले.

"भाऊ, तुमच्या मुलीचा दाखला झाला का? परवा शेवटची तारीख ना?"

"नाही साहेब. प्रलंबित आहे."

"अर्जदार कोण?"

"मीच."

"टेबल कुणाचं?"

"माझंच."

"मग अडलंय कुठं?"

भाऊंनी घसा खाकरला. "माझ्याकडेच, साहेब," ते म्हणाले. फिटरनं पान्हा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी तिथल्या तिथं दाखला लिहून घेतला, सही ठोकली आणि जाता जाता आठवण केली, "सासूबाईंचंही बघताय ना?" भाऊंच्या तोंडून 'बघतो की' निघून गेलं. मग त्यांनी जीभ चावली.

तर आता खरं दुखणं सापडलं होतं. इलाजही ठरला. फिटरनं सांगितला तसा, रोज सकाळी उपाशीपोटी आरशासमोर उभं राहून दहा वेळा 'नाही' म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं करून बघावं. पहिल्या दिवशी भाऊंच्या तोंडून 'ना' निघाला आणि पुढं 'ही' यायला तयार नव्हता. न्हाणीघराचं दार लावून त्यांनी आवाज मोकळा सोडला, तेव्हा वरचे मास्तर धावत खाली आले. "काय झालं हो? कोण गेलं?" त्यांनी बायकोला विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "ते सराव करताहेत." मास्तर दारात उभे होतेच, म्हणून त्यांनी आतल्या भाऊंना ओरडून विचारलं, "भाऊ, माझा हयातीचा दाखला झाला का?" "नाही!" आतून आवाज आला. तो सरावाचा होता की उत्तराचा, हे मास्तरांना कळलं नाही. ते जरा घाबरून वर गेले.

पंधरा तारीख उजाडली. भाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा काढली, कागद लेकीच्या फायलीत नीट लावले आणि दोघं अडीच वाजता संस्थेत पोचली. हातात पिशवी होतीच. ती एव्हाना भाऊंच्या अंगाचाच भाग झाली होती. खिडकी क्रमांक चार. फाईल घेऊन पालकांनी निराळ्या रांगेत उभं राहायचं, मुलांनी समोरच्या बाकावर बसायचं. भाऊंचा नंबर पंधरावा. प्रत्येकाला पाच मिनिटं लागत होती. भाऊंनी हिशेब केला आणि लेकीकडे बघून हात हलवला. पावणेचारला आपण मोकळे.

मग एक म्हातारी आली. पाय दुखत होते बिचारीचे. तिला पुढं सोडलं, त्यात कुणाचं काय चुकलं? मग एक गृहस्थ आले, त्यांना फक्त एक शिक्का हवा होता. मग एक बाई, तिची बस होती. मग आणखी एक बाई. ही त्या बसवाल्या बाईची बहीण, तिचीही तीच बस. प्रत्येकजण रांगेकडे एकदा बघे आणि बरोबर भाऊंपाशी येऊन थांबे. भाऊंच्या तोंडावर असं काही लिहिलेलं असावं, जे त्यांना स्वतःला आरशात कधी दिसलं नव्हतं. आणि दर वेळी आरशासमोर शिकलेला शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथंच ओशाळून बसायचा. साडेचार वाजले तेव्हा भाऊंच्या पुढं अजून चार माणसं होती आणि मागच्या लोकांनी त्यांना रांगेचे दारवान समजायला सुरुवात केली होती.

खिडकीतल्या कारकुनानं डोकं बाहेर काढलं. "पाचला खिडकी बंद. उरतील त्यांनी पुढच्या वर्षी यावं."

चारांचे तीन झाले, तिनाचे दोन झाले, दोनाचा एक उरला. पावणेपाच वाजले आणि दारातून एक माणूस धापा टाकत आत आला. केस विस्कटलेले, खिशाला तीन पेनं. स्मरणशक्तीच्या वर्गाचे सर!

"भाऊ! देवासारखे भेटलात!" सर म्हणाले. "अहो, माझ्या मुलाचा अर्ज. आजची तारीख मी साफ विसरलो. आत्ता रस्त्यात आठवलं. मला जरा पुढं घ्या, दोन मिनिटांचं काम आहे."

भाऊंनी बाकाकडे बघितलं. लेकीनं सरांना ओळखलं नव्हतं, पण माणूस वडिलांपाशी येऊन थांबला, एवढं तिला पुरलं होतं. ती रागावलेली दिसत नव्हती. तिनं पेनाला टोपण लावलं. मग मांडीवर काढत बसलेल्या नकाशाचे कागद एकेक करून, कडा जुळवून, स्वतःच्या झोळीत भरायला लागली. आता ती 'असू दे, बाबा' म्हणणार, हे भाऊंना इथूनच ऐकू आलं.

भाऊंनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांची सवय, पहिलं अक्षर 'ब'च निघालं. "ब..." भाऊ म्हणाले. "ब... ब..."

"हां, बघता ना?" सर पुढं सरकले.

"नाही!"

हे 'नाही' जरा मोठं झालं. न्हाणीघरात सराव केल्यामुळे आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. सगळा हॉल वळून बघायला लागला. कारकुनाचा शिक्का हवेतच राहिला.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे नाही."

"अहो, दोनच मिनिटं..."

"नाही."

"भाऊ, मी तुम्हाला शिकवलंय!"

"ते चांगलं लक्षात आहे. तरी नाही. रांग तिकडून सुरू होते, सर."

सर गेले, अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. आभाळ कोसळलं नाही. भाऊ थोडा वेळ वर बघत होते, कोसळतंय का म्हणून. छातीत असं काही हलकं हलकं वाटत होतं की भाऊंना उगाचच हसू यायला लागलं. बाकावर लेक उठून उभी राहिली होती.

पाचला बारा कमी असताना भाऊ खिडकीशी पोचले.

"कागद अपुरे आहेत का?"

"नाही!"

"गेल्या वर्षी प्रवेश घेतला होता?"

"नाही!"

"मुलीचे पालक आपणच?"

"नाही!" भाऊ ठणकावून म्हणाले.

कारकुनानं चष्मा वर केला. "पालक नाही? मग आपण कोण? इथं पालकच लागतो." भाऊंनी तोंडावर हात मारून घेतला आणि 'हो, हो' म्हणायला गेले, तर आता 'हो' येईना! तेवढ्यात लेक बाकावरून धावत आली. "हे माझेच बाबा आहेत," ती कारकुनाला म्हणाली. "तुम्ही लिहा. त्यांची आज पहिलीच वेळ आहे."

"कशाची?"

"नाही म्हणायची."

कारकुनानं भाऊंकडे नीट बघितलं. स्वतः आयुष्यभर 'नाही' म्हणण्याचाच पगार घेतलेला माणूस तो. त्याला त्यातलं कळत होतं. त्यानं फॉर्म सरकवला, भाऊंनी सही केली, शिक्का पडला, पावती फाटली. पाचला आठ कमी. दाखल्यावर नजर टाकत कारकून हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही पाणीपुरवठ्याला का? वरच्या मजल्यावर तीन दिवस पाणी नाही हो. जरा बघाल का?"

"आमच्या कार्यालयात तक्रारींची खिडकी क्रमांक दोन," भाऊ म्हणाले. "वेळ दहा ते चार. समक्ष यावं लागतं."

सरांचं काय झालं, असं कुणी विचारील. रांग भराभर सरकली, सर पाचला एक मिनिट असताना खिडकीशी पोचले आणि कारकुनानं त्यांचा अर्ज हातातही घेतला. पण अर्जावर मुलाचा फोटो नव्हता. तो ते घरी विसरले होते. भाऊंनी त्यांना पुढं घेतलं असतं, तर तो फोटो येईपर्यंत सगळी रांग तिथंच खोळंबली असती.

रस्त्यावर ऊन उतरलं होतं. बापलेक दोघं टपरीवर चहा प्यायली. लेक संस्थेबद्दल बोलत होती, मोजणीची साधनं कशी असतात, पहिल्या वर्षी काय काय शिकवतात. भाऊ नुसते हो हो करत होते. एकदाचा तो शब्दही परत आला होता. बस येताना दिसली तशी लेक दचकून त्यांच्या हातांकडे बघायला लागली.

"बाबा! पिशवी कुठंय?"

भाऊंनी दोन्ही हात बघितले. रिकामे. पिशवी खिडकी क्रमांक चारच्या खाली, सही करायला ठेवली तिथंच राहिली होती. मास्तर, डॉक्टर, साहेबांच्या सासूबाई, सरांचा नळजोड, सगळे एकेचाळीसच्या एकेचाळीस.

"विसरलो की गं," भाऊ म्हणाले.

"चला परत. शिपाई असेल अजून, उघडून देईल."

"नाही," भाऊ म्हणाले. हे मात्र हळू आवाजात, सहज निघालं. "उद्या सगळ्यांना सांगतो. खिडकी क्रमांक चार. ज्यानं त्यानं आपापलं समक्ष येऊन घेऊन जावं."

लेक हसणार होती, पण एकदम तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, माझी पावती? ती पण पिशवीतच टाकलीत?"

भाऊंनी शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि चौपदरी घडी केलेली पावती काढून तिच्यापुढं धरली. घामानं जराशी ओलसर झाली होती. लेकीनं ती उलगडून वाचली, पुन्हा तशीच घडी केली आणि स्वतःच्या फायलीत न ठेवता परत भाऊंच्या खिशात ठेवली.

"मग पिशवी असू दे, बाबा," ती म्हणाली आणि त्यांचा रिकामा हात धरून बसमध्ये चढली.